नाकवाल्याच्या बायकोचा संशय

बस डेपोच्या मागच्या अंगाला, डिझेलच्या टाकीशेजारी, एक अरुंद खोली होती आणि त्या खोलीला रस्त्याच्या बाजूने एक खिडकी होती. ड्रायव्हर-कंडक्टरांपैकी कुणाला आजारपणाची रजा हवी असली की त्या खिडकीशी यावं लागे, नाहीतर तिथे फोन करावा लागे. आत बसणाऱ्या बाईंना सगळा डेपो तोंडावर बाई म्हणायचा आणि माघारी फौजदारीण. त्यांना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

बाईंचं स्वतःचं एक शास्त्र होतं. माणसाकडे कुठल्याही गोष्टीची दोन कारणं असतात, असं त्या म्हणायच्या. एक चारचौघांत सांगायचं आणि एक घरी ठेवायचं. सांगायचं कारण धुऊन इस्त्री केलेलं असतं. खरं कारण चुरगळलेलं असतं, त्याला एखादा डागही असतो. त्यामुळे समोर फार नीटनेटकं कारण आलं की बाईंच्या भुवया आपोआप वर जात. फोनवरचा खोकला तर त्यांना पाठ होता. खरा खोकला वाक्याच्या मधेच घुसतो, माणसाला बोलू देत नाही. खोटा खोकला शहाण्या पाहुण्यासारखा वाक्य संपेपर्यंत दाराबाहेर थांबतो.

"बाई, पोटात कळा येतायत हो."

"कुठे?"

"पोटात म्हटलं ना."

"पोट काय एवढंसं आहे का तुमचं? वर, खाली, डावीकडे?"

"मधे. मधोमध."

"मेव्हणा घर बदलतोय ना उद्या? कपाटं उचलायला बोलावलंय."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुमच्या पोटानेच. जा, कामावर या गुपचूप."

हे झालं रजा मागणाऱ्यांचं. पण बाईंना खरी धास्ती वाटायची ती रजा नको म्हणणाऱ्यांची. एक जुना, भला ड्रायव्हर होता. त्याला लांबचं धूसर दिसायला लागलं होतं आणि तो ते लपवून गाडी चालवत होता. पुढचा फलक कोणता, दिवा लाल की हिरवा, हे तो गप्पा मारल्यासारखं करून कंडक्टरकडून काढून घ्यायचा. बाईंनी त्याला खिडकीशी उभं करून समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लावलं आणि त्याच दिवशी गाडीवरून उतरवलं. माणूस ढसाढसा रडला. बाईंनी त्याला पाणी दिलं, चहा मागवला, पण गाडी काही दिली नाही.

अशा या बाईंच्या घरात संशयाला जागा मिळावी ती नवऱ्यामुळे, हे जरा अतीच झालं.

नवरा डेअरीत होता. गावोगावच्या गोठ्यांतून, तबेल्यांतून दुधाचे कॅन येत आणि डेअरीच्या धक्क्यावर उतरत. तिथे झाकण उघडलं की पहिला वास झाकणाखालीच दबून बसलेला असतो, तो उडून जायच्या आत टिपावा लागतो. ते काम नवऱ्याचं. तो किंचित वाकायचा, श्वास घ्यायचा आणि हाताने खूण करायचा; आत, नाहीतर परत. पुढे लॅब होती, यंत्रं होती, पण पहिला शब्द त्याचा. दूध रात्रभर उघडं राहिलंय, जनावराने काहीतरी भलतंच खाल्लंय, कॅन नीट विसळलेला नाही, हे त्याला एका श्वासात कळायचं. सगळे त्याला नाकवाले म्हणत.

असलं नाक घरात असणं म्हणजे काय, ते बाईंनी लग्न झाल्यापासून भोगलं होतं. "हा कांदा कालचा आहे." "भांडी घासायचा स्पंज बदल." "जिन्यात कुणीतरी ओली छत्री ठेवलीय." एकदा तर पाहुण्यांसमोर उशीचा अभ्रा हुंगून "हा घाईत वाळवलाय" म्हणाले होते. बाई चिडायच्या, पण त्या कटकटीची त्यांना सवय झाली होती, पंख्याच्या आवाजाची होते तशी.

आणि मग पंखा बंद पडला.

थंडीत नाकवाल्यांना तापाची एक साधीच लागण झाली, चारचौघांना होते तशी. बरे झाले, कामावर गेले. त्यानंतर कधीतरी, नेमकं कधी ते बाईंना सांगता आलं नसतं, घरातली कटकट थांबली. कांदा कालचा असो की परवाचा, नाकवाले काही बोलेनात. पहिले काही दिवस बाईंना बरं वाटलं. मग त्यांच्या मनात पाल चुकचुकली. उगाच कोण सुधारतं?

त्यातच ते सेंट मारायला लागले.

थोडंथोडकं नव्हे. सकाळी ते जिना उतरून गेल्यावरही सेंट जिन्यात उभं असायचं. दोनदा आंघोळ करायला लागले, निघायच्या आधी आणि आल्यावर. एकदा शर्ट घेऊन लेकीसमोर उभे राहिले.

"याला वास येतोय का गं?"

"कसला वास बाबा?"

"कसलाही."

"सेंटचा येतोय. दुकान उलटल्यासारखा," असं म्हणून लेक हसत कॉलेजला पळाली. बाईंनी मात्र ते ऐकून ठेवलं.

वरच्या मजल्यावर नणंद राहायची. ती जिन्यातून खाली यायची ती जीभ आधी आणि पाय मागून.

"वहिनी, बोलू का? रागवायचं नाही."

"रागावले तरी तुम्ही बोलणारच आहात."

"दादा माझा सख्खा भाऊ आहे, मला काय त्याचं वाईट बोलायचंय? पण पुरुषमाणूस या वयात सेंट मारायला लागला ना, तर तो बायकोसाठी मारत नाही."

"मग कुणासाठी मारतो?"

"ते तुम्हीच शोधा बाई. रजेच्या खिडकीत बसता ना तुम्ही?"

बाईंनी शोधायला सुरुवात केली. एरवी ज्या गोष्टीची त्यांना लाज वाटली असती ती त्यांनी केली, खिसे चाचपले. खिशात पेन, कंगवा आणि लवंगांची पुडी निघाली. लवंगा कशाला? तोंडाला चांगला वास यावा म्हणून. तोंडाला चांगला वास कुणासाठी? एकेक प्रश्न पायरीसारखा खाली जात होता आणि तळाशी, न पाहिलेली, न भेटलेली, एक बाई उभी होती. बाईंनी तिला साडीसुद्धा नेसवली होती, निळी.

"अहो, हल्ली फार सजून जाता," त्या एका सकाळी म्हणाल्या.

"वय झालं. घामाचा वास येतो माणसाला."

"तुम्हाला येतो?"

नाकवाले बूट घालत होते. त्यांची लेस चुकली, त्यांनी ती सोडून पुन्हा बांधली. "लोकांना येत असेल," ते म्हणाले.

इस्त्री केलेलं कारण. बाईंच्या भुवया वर गेल्या त्या दिवसभर खाली आल्या नाहीत.

मग बटाट्यांचं प्रकरण झालं. बाई कामावरून आल्या तर जिन्यातच धुराचा वास. वरून नणंद ओरडत होती, "वहिनी, तुमच्याकडे जळतंय काहीतरी!" बाई धावत आत गेल्या. स्वयंपाकघराचं दार लोटलेलं, आत गॅसवर पातेलं आणि पातेल्यात बटाट्यांचा कोळसा. आणि बाहेरच्या खोलीत, त्या दारापासून हातभर अंतरावर, नाकवाले पेपर घेऊन बसलेले.

"अहो!"

"काय झालं?" ते दचकले. मग त्यांनी उघड्या दारातून येणारा धूर पाहिला. "अरे! डोळा लागला होता माझा."

बाईंनी गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या, पातेलं नळाखाली धरलं. हात चालत होते पण नजर नवऱ्यावर होती. चष्मा नाकावर. हातात पेन्सिल. मांडीवर शब्दकोडं, अर्धं सोडवलेलं, आणि शेवटच्या शब्दाचं शेवटचं अक्षर अजून लिहायचं राहिलेलं. ज्याचा डोळा लागतो त्याच्या बोटांत पेन्सिल अशी ताठ राहत नाही.

म्हणजे खोटं बोलले. माणूस जागा होता, घर जळत होतं, आणि त्याचं मन तिथे नव्हतं. मग कुठे होतं? निळी साडी पुन्हा डोळ्यांसमोर आली.

पण त्याच आठवड्यात लेकीने डाळ केली आणि तळाला लावली. ती तोंडात घातल्याबरोबर बाईंनी पाण्याचा पेला उचलला. नाकवाल्यांनी दोनदा वाढून घेतली.

"छान झालीय."

लेक स्वयंपाकघरात येऊन आईच्या कानाशी लागली. "आई, बाबांना बरं नाहीये का गं? करपलेली डाळ मिटक्या मारत खातायत."

नणंदेला हे कळलं तेव्हा तिच्याकडे कारण तयारच होतं. "मनात चोर असला की बायका-मुलींच्या हातचं सगळं गोड लागतं, वहिनी."

 दुसऱ्या दिवशी बाई खिडकीत बसल्या, फोन येत होते, खोकले येत होते, पण त्यांचं लक्ष नव्हतं. नणंद म्हणते ते जमतं, त्या विचार करत होत्या. सेंट जमतं, लवंगा जमतात, बटाटे जमतात, डाळही जमते. सगळं इतकं छान जमतं की भीती वाटावी. पण याच खुणा घेऊन दुसरं काही जुळवता येतं का, हे आपण एकदा तरी पाहिलं का? "लोकांना येत असेल," ते म्हणाले होते. लोकांना. या एका शब्दावर बाई अडकल्या. एकाच खुणेला दोन कारणं लागू पडत असतील तर अशी खूण शोधावी लागते जी दोहोंपैकी एकालाच लागू पडेल. ड्रायव्हरचं काय करायचं हे त्यांना माहीत होतं. त्याला कॅलेंडर वाचायला लावायचं.

शनिवारी त्यांनी एका डब्यात वाटीभर दूध ठेवलं, शेजारी चार कांदे चिरून ठेवले, डब्याचं झाकण घट्ट लावलं आणि तो फ्रिजच्या तळाशी सरकवला. दूध कुठलाही वास पटकन धरतं, हे त्यांना नाकवाल्यांनीच शिकवलं होतं. सकाळी डबा उघडला तेव्हा बाईंनीच तोंड फिरवलं. दूध कोमट केलं, पेल्यात ओतलं आणि बाहेर नेऊन दिलं.

"घ्या. आज चहा नको, दूध घ्या."

पूर्वी हा पेला दारातून आत आला असता तरी नाकवाले खुर्चीतून उठले असते. आज त्यांनी पेला हातात घेतला, ओठांपाशी नेला, आणि तिथे थांबून बाईंच्या तोंडाकडे पाहिलं. पेल्याकडे नाही, तोंडाकडे. अगदी निरखून, भाव शोधत.

बाईंनी खिडकीतला चेहरा घातला होता. त्या चेहऱ्यावरून आजवर कुणाला काही कळलं नव्हतं.

नाकवाल्यांनी घोट घेतला. दुसरा घेतला. "छान आहे," ते म्हणाले. "दाट आहे. नवीन ठिकाणाहून आणलंस का?"

बाई समोरच्या खुर्चीत बसल्या. निळी साडी नेसलेली ती बाई कुठल्या कुठे विरून गेली होती, आणि तिच्या जागी जे उभं राहिलं होतं ते पाहून त्यांना आधी हायसं वाटलं आणि मग तो रडणारा ड्रायव्हर आठवला.

"कांद्याचं आहे ते," त्या म्हणाल्या. "रात्रभर कांद्यांत ठेवलेलं. कधीपासून येत नाही तुम्हाला वास?"

नाकवाल्यांनी पेला खाली ठेवला. 

"तापानंतर," ते म्हणाले. "आधी वाटलं, सर्दी आहे. जाईल."

"आणि हे सेंट?"

"आपल्या अंगाला वास येतोय की नाही हेच कळत नाही गं. धक्क्यावर दिवसभर आंबलेल्या दुधात उभा असतो मी. लोक नाकाला रुमाल लावतील आणि मला पत्ताच लागणार नाही, या भीतीने मारतो. किती मारलं ते तरी कुठे कळतं?"

बाईंना हसूही आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही त्यांनी आवरलं. कारण पुढचा प्रश्न ओठांशी आला होता.

"मग धक्क्यावर काय करता?"

"झाकणवाला आहे ना."

झाकणवाला म्हणजे नाकवाल्यांच्या हाताखाली कॅनची झाकणं उघडणारा गडी. वर्षानुवर्षं दोघं शेजारी शेजारी उभे.

"झाकण उघडताना त्याचं तोंड कॅनवरच असतं," नाकवाले म्हणाले. "दुधाला वास असला की त्याची एक नाकपुडी उडते, कपाळाला आठी पडते. मी वाकतो, श्वास घेतो, पण बघतो त्याच्याकडे."

"त्याला माहीत आहे हे?"

"नसावं."

"नसावं म्हणजे?"

"विचारलं नाही. विचारलं तर माहीत होईल."

"डॉक्टर?"

"डेअरीचा आहे. तो वर कळवेल."

"दुसरा डॉक्टर शहरात मेलाय का?"

"दुसरा म्हणेल, येईल परत. नाहीतर म्हणेल, नाही येणार. एवढं मलाही माहीत आहे."

"अहो, माझ्याकडे असाच एक ड्रायव्हर होता—"

"दूध म्हणजे बस नाही," ते ताडकन म्हणाले. हे वाक्य त्यांनी बरेच दिवस तयार करून ठेवलं असावं. "माझ्यापुढे लॅब आहे, यंत्र आहे, दूध तापवतात. कुणाला काही होत नाही. झालंय का कुणाला काही?"

"मग तुम्ही तिथे उभे कशाला असता?"

नाकवाले एकदम लहान झाल्यासारखे दिसले. "तेच त्यांनी विचारू नये म्हणून," ते म्हणाले.

 शेवटी ठरलं असं की नाकवाल्यांनी साहेबांना सांगायचं आणि दुसरं कुठलंही काम मागून घ्यायचं. "साहेब गावाला गेलेत," नाकवाले म्हणाले. "आले की सांगतो." साहेब आले. मग डेअरीत नवीन यंत्र बसत होतं, सगळे गडबडीत होते. मग साहेबांचा मूड नव्हता. रोज एक नवं, घडी घातलेलं कारण, आणि बाईंना ते रोज ओळखू येत होतं.

पण या दिवसांत त्यांना सगळ्यांत जास्त संशय यायला लागला तो स्वतःचा. डेअरीत एक फोन करणं त्यांना अवघड नव्हतं. त्या ड्रायव्हरच्या बाबतीत त्यांनी अर्धा दिवससुद्धा दम धरला नव्हता. इथे त्या स्वतःला सांगत होत्या, ज्याचं त्याने सांगावं, त्यात त्याचा मान आहे. कारण चांगलं होतं. इतकं चांगलं होतं की खिडकीपलीकडून कुणी दिलं असतं तर बाईंनी त्याला तिथेच उलटं टांगलं असतं.

असेच दिवस चालले होते आणि एका सुट्टीच्या दुपारी दार वाजलं. दारात एक धट्टीकट्टी बाई उभी होती, पदर खोचलेला, एका हातात दुधाची बरणी, दुसऱ्या हातात पिशवी.

"नाकवाले इथेच राहतात ना? मी गोठेवाली. ते ओळखतात मला."

ओळखत होते. नाकवाले आतून आले आणि तिला पाहून जागीच थबकले. या बाईचा स्वतःचा गोठा होता, दूध रोज धक्क्यावर यायचं आणि आजवर कधी परत गेलं नव्हतं.

"या, बसा," बाई म्हणाल्या.

"बसायला नाही आले हो ताई. कारण विचारायला आले." गोठेवालीने बरणी टेबलावर ठेवली. "परवा माझं दूध परत पाठवलंत. सगळेच्या सगळे कॅन. का पाठवलंत?"

"वास होता," नाकवाले म्हणाले.

"कसला?"

"जरा... ओल्या चाऱ्याचा."

"आमच्याकडे ओला चारा नसतोच. सुका घालते मी. सगळ्यांना माहीत आहे."

"मग कॅनचा असेल."

"कॅन मी स्वतः उकळत्या पाण्याने धुते, उन्हात वाळवते. चाऱ्याचा म्हणालात, लगेच कॅनचा कसा झाला? कुणाचं ऐकून केलंत का? त्या पलीकडच्या तबेलेवाल्याचं? तो माझ्या वाईटावर आहे, मला कळतं."

"नाही हो, तसं काही—"

"मग तुमचा तो झाकणवाला आहे, तो काय म्हणाला सांगू? मी विचारलं त्याला. म्हणाला, मावशी, दुधाला काही नव्हतं. गालाला हात धरून बोलत होता बिचारा. दाढ ठणकत होती म्हणे त्याची सकाळपासून. तोंड बघवत नव्हतं, एवढी आठी कपाळाला."

 बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नाकवाल्यांचा चेहरा पांढरा पडला होता. दुधाला वास नव्हता. झाकणवाल्याची दाढ दुखत होती, आणि त्याच्या त्या तोंडाकडे बघून नाकवाल्यांनी या बाईचे सगळे कॅन धक्क्यावरून परत पाठवले होते.

"माझं दूध परत आलं हे सगळ्या वस्तीला कळलंय," गोठेवाली म्हणाली. आता तिचा आवाज थोडा फाटला. "थोडं दूध घरोघर रतीबाला घालते मी, ते रोजचे लोक आता दार उघडत नाहीत. आणखी एकदा परत आलं तर डेअरी माझं नाव काढून टाकेल. हे बघा, त्याच गाईंचं आहे, आज सकाळचं. माझ्यासमोर घ्या वास आणि सांगा काय आहे ते." तिने बरणीचं झाकण फिरवलं आणि बरणी पुढे केली.

नाकवाले वाकले. श्वास घेतला. आणि मग, हळूच, त्यांनी मान तिरकी करून बाईंकडे पाहिलं.

बाई टेबलाच्या पलीकडे उभ्या होत्या. बरणी उघडल्याबरोबर त्यांच्यापर्यंत वास आला होता. चांगलं, स्वच्छ, ताजं दूध. नुसतं हसायचं होतं. ओठांचा एक कोपरा वर गेला असता तरी पुरे होतं. नाकवाले म्हणाले असते, दूध उत्तम आहे, परवा माझी चूक झाली, उद्यापासून आणा. गोठेवाली समाधानाने गेली असती. नवऱ्याची अब्रू राहिली असती. आणि उद्या धक्क्यावर झाकणवाल्याची दाढ, त्याची सर्दी, त्याचं घरचं भांडण, सगळं पुन्हा कॅनवर वाकलं असतं.

नवऱ्याचे डोळे थांबले होते. लग्नानंतर इतक्या वर्षांत त्यांनी बाईंकडे असं काही मागितलं नव्हतं.

बाई वळल्या आणि खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

 मागून नाकवाल्यांचा आवाज आला. "मला वास येत नाही."

"म्हणजे दूध चांगलं आहे ना?"

"मला ठाऊक नाही. मला कशाचाच वास येत नाही. तापानंतर गेला. परवा मी झाकणवाल्याच्या तोंडाकडे बघून तुमचं दूध परत पाठवलं."

बाई वळल्या. त्यांना वाटलं होतं, गोठेवाली रडेल, शिव्या देईल, निदान हादरेल. गोठेवालीने कमरेवर हात ठेवले.

"वा!" ती म्हणाली. "आता आजारपण काढलंत होय? बरं सुचलं. नाकवाल्याला नाक नाही. मला काय दूधखुळी समजलात? पलीकडच्या तबेलेवाल्याचं नाव घ्यायला नको म्हणून हे!"

"अहो ताई, खरं सांगतायत ते," बाई म्हणाल्या.

"तुम्ही त्यांच्या बायको. तुम्ही काय वेगळं सांगणार?"

 असं उत्तर बाईंनी दुसऱ्यांच्या बायकांना फोनवर कितीदा दिलं असेल.

गोठेवालीने पिशवीत हात घातला आणि एक फडकं बाहेर काढलं. बरण्या पुसायचं, दोन-तीन दिवसांचं दूध आत आंबून कडक झालेलं. ते बाहेर आलं मात्र, आतल्या खोलीतून लेकीचा आवाज आला, "ई! आई, काय मेलंय?" आणि धाडकन खिडकी उघडली गेली.

"डोळे मिटा," गोठेवाली नाकवाल्यांना म्हणाली.

नाकवाल्यांनी डोळे मिटले. तिने ते फडकं त्यांच्या नाकाला चिकटवलं आणि आपलं तोंड त्यांच्या तोंडाशी नेऊन निरखत राहिली. पापणी, नाकपुडी, गळ्याची गाठ. बाई तिच्याकडे पाहत होत्या. इतकं बारकाईने कुणी दुसऱ्याला तपासताना त्यांनी प्रथमच पाहिलं होतं, आणि ती तपासणी बाहेरून कशी दिसते तेही.

"श्वास घ्या. खोल."

नाकवाल्यांनी घेतला. शांत, भरपूर, बागेत उभ्या असलेल्या माणसासारखा.

"काय धरलंय मी?"

"झाकण असेल," नाकवाले म्हणाले. "कडक लागतंय."

गोठेवालीचा हात खाली आला. तिने फडकं पिशवीत कोंबलं, पिशवीचं तोंड पिळलं. नाकवाल्यांनी डोळे उघडले तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचा राग तसाच होता, पण आता तो कुठे ठेवावा हे तिला कळत नव्हतं.

"नाटक असतं तर ठसका लागला असता," ती पुटपुटली. मग म्हणाली, "म्हणजे माझं दूध परत पाठवलं कुणी? दाढेने?"

तिने बरणीचं झाकण फिरवून घट्ट लावलं.

"सुट्टी असली तरी साहेब आज डेअरीत आहेत, मी बघून आलेय," गोठेवाली म्हणाली. "तुम्हाला वाईट वाटतंय ते माझ्या काय कामाचं? हे जे आत्ता बोललात ते तिथे बोला. माझ्यादेखत. मग घरी येऊन काय रडायचं ते रडा."

नाकवाल्यांनी मान हलवली. "शर्ट बदलतो," ते म्हणाले.

"मी खाली थांबते." बरणी उचलून ती जिना उतरली.

नाकवाले शर्टाची बटणं लावत बाहेर आले. बाई अजून टेबलाशीच होत्या. 

"तू तोंड का फिरवलंस?" त्यांनी विचारलं. रागाने नाही, माहिती विचारावी तसं.

बाईंनी उत्तर शोधलं. गोठेवालीसाठी? दुधासाठी? यांनी एकदाचं मोकळं व्हावं म्हणून? की बटाटे जळत असताना समोर बसून डोळा लागला म्हणाले होते, त्याचा राग अजून होता म्हणून? सगळी कारणं हाताशी आली, आणि त्यांतलं एकही इस्त्रीचं नव्हतं.

"ठाऊक नाही," त्या म्हणाल्या.

नाकवाल्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. मान किंचित तिरकी, डोळे बारीक. बाईंचं कुठलंही बोलणं आजवर त्यांनी असं तपासलं नव्हतं. "ठाऊक नाही म्हणजे? नीट सांग ना."

"सांगेन. वाटेत सांगेन." बाईंनी पायात चपला सरकवल्या.

"तू कशाला येतेस?"

 बाई कुलूप शोधू लागल्या, लेक घरातच आहे हे विसरून. तेवढ्यात खालून, सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असा, गोठेवालीचा आवाज आला.

"येताय ना हो? की मागच्या बाजूलाही जिना आहे तुमच्याकडे?"